सुजाताची जनरल बॉडी

परदेशी जाताना कोणी लोणचं नेतं, कोणी गोळ्या-औषधं, कोणी देवाचा फोटो. सुजाता जाधव पोलंडला निघाली तेव्हा तिने अंबरनाथ पश्चिमेची आपली अख्खी हाउसिंग सोसायटी बरोबर घेतली. बॅगेत नव्हे, डोक्यात. आणि पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती काढून सगळ्यांसमोर टेबलावर मांडली.

आम्ही दोघे उल्हासनगरच्या एका कॉलेजात एकाच वर्गात होतो. मी बदलापूरचा, ती अंबरनाथची. पण तीन वर्षांत आमचं बोलणं 'नोट्स आहेत का' आणि 'सर आलेत का' याच्यापुढे गेलं नव्हतं. खरी ओळख झाली ती त्या अभ्यासदौऱ्यात. पोलंडमधल्या एका लहानशा गावात तिथल्या विद्यापीठाने निरनिराळ्या देशांतले विद्यार्थी बोलावून त्यांच्या मिश्र टीम केल्या होत्या. गावात बंद पडलेल्या जागा बऱ्याच. एकेका टीमने एकेका जागेचं काय करावं ते सुचवायचं, सगळ्यांच्या सह्यांनिशी एकच योजना द्यायची आणि शेवटच्या दिवशी ती गावकऱ्यांसमोर मांडायची. एकाचीही सही नसेल तर ती टीम बाद. आमच्या वाट्याला एक जुनी कापडगिरणी आली. टीममध्ये आम्ही दोघे, ऑस्ट्रियाचा थॉमस, इटलीचा मार्को आणि फिनलंडची आन्ना. थॉमस वेळापत्रकाचा भक्त होता, मार्को स्वतःच्या आवाजाचा. आन्ना कशाची भक्त होती ते कळायला मार्ग नव्हता, कारण ती बोलतच नसे.

सुजाताचे वडील अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत पाळीवर जात आणि उरलेल्या वेळात सोसायटीचं सेक्रेटरीपण करत. हे पद त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होतं, कारण दर निवडणुकीला बाकीचे सभासद एकमेकांकडे बघत आणि मग सगळे मिळून जाधवांकडे बघत. त्यामुळे सुजाताचं बालपण पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडण्यात आणि मोठ्या माणसांची भांडणं ऐकण्यात गेलं. गच्चीची गळती, टाकीची सफाई, तळमजल्यावरच्यांचं कुत्रं, चौथ्या मजल्यावरून पडणारं केराचं पाणी, या विषयांवर ती लहान वयात अधिकारवाणीने बोलायला शिकली होती. तिचं एक ठाम मत होतं. जगात भांडणं दोनच, पाण्याचं आणि पार्किंगचं. बाकीची सगळी यातच मोडतात. मी तिला एकदा महायुद्धाचं विचारलं तर म्हणाली, "पार्किंगचंच की. दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली."

तर टीमची पहिली बैठक. मार्को उभा राहून हातवारे करत गिरणीत नाट्यगृह बांधत होता. थॉमसने सहा रंगांचं वेळापत्रक आणलं होतं आणि कोणी बघत नाही म्हणून तो ते स्वतःच पुन्हा पुन्हा बघत होता. मी वायफायचा पासवर्ड शोधत होतो. सुजाताने चमच्याने ग्लास वाजवला आणि इंग्रजीत विचारलं की आजच्या सभेची विषयपत्रिका काय आहे. कोणालाच सांगता येईना. मग तिने सोसायटीचा कारभार समजावून सांगितला. एका वेळी एकच माणूस बोलेल. जो ठराव मांडेल तो सूचक, जो पाठिंबा देईल तो अनुमोदक. हरकत असेल तर तिथल्या तिथे बोलायचं, मागाहून जिन्यात कुजबुज चालणार नाही. आणि ज्याचा ठराव असेल त्यानेच उभं राहून तो वाचायचा.

हा शेवटचा नियम खास तिच्या पप्पांचा होता. एकदा कोणीतरी दुसऱ्याच्या तोंडून ठराव मांडवून टाकी साफ करणारा माणूस आणवला होता. त्याने टाकी साफ केली आणि जाताना पाइप तोडून गेला. चार दिवस बिल्डिंगला पाणी नव्हतं आणि ठराव माझा होता असं म्हणायला कोणी पुढे येईना. तेव्हापासून जाधवकाकांनी नियमच करून टाकला. आपलं म्हणणं आपल्या तोंडाने वाचायचं, मग ते मंजूर होवो की पडो. सुजाता हा नियम घटनेतलं कलम सांगावं तसा सांगे.

मला वाटलं हे लोक हसतील. झालं भलतंच. थॉमस हरखून गेला. सहा रंगांनी जे साधलं नव्हतं ते या बाईने एका चमच्याने साधलं होतं. त्याने तिच्याकडे सोसायटीच्या नियमांची प्रत मागितली. नियम पप्पांच्या डोक्यात आहेत असं ऐकल्यावर तो जरा हिरमुसला. पण त्या दिवसापासून सगळे तिला 'सेक्रेटरी' म्हणू लागले.

ती मात्र कोणालाच नावाने हाक मारत नसे. नावं विसरायला होतात, गाव नाही, असं तिचं म्हणणं. मी 'बदलापूर', थॉमस 'ग्राट्झ', मार्को 'बारी'. "ए बदलापूर, त्या ग्राट्झला सांग की बारी अजून झोपलाय," असं ती सकाळी दारावर थाप मारून सांगायची. एकट्या आन्नाला ती आन्ना म्हणे. आन्नाच्या गावाचं नाव मालगाडीसारखं लांब होतं. सुजाताने दोनदा प्रयत्न केला, मधल्या डब्यांत अडकली आणि नाद सोडला.

गावात आठवड्याला एकदा मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरत असे. तिथे सुजाताला एक लोकरीची टोपी आवडली. आता उल्हासनगरच्या कॅम्पात, म्हणजे तिथल्या सिंधी वस्तीच्या बाजारात, वाढलेल्या शास्त्राप्रमाणे टोपी आवडली हे दुकानदाराला कळू द्यायचं नसतं. तिने टोपी उलटीसुलटी केली, शिवण ओढून बघितली, नाक मुरडलं आणि अर्धी किंमत सांगितली. टोपीवाल्या आजोबांनी मान हलवली. मग तिने शास्त्रातली शेवटची पायरी वापरली, म्हणजे पाठ फिरवून चालू लागली. कॅम्पात अशा वेळी चार पावलांत मागून हाक येते, "अरे बेटा, सुन तो." इथे चार पावलं झाली, दहा झाली, हाक येईना. वळून बघितलं तर शास्त्र मोडतं. त्यामुळे आम्हा सगळ्यांना तिच्यामागून अख्ख्या मैदानाला फेरी मारावी लागली. फेरी पुरी करून आम्ही पुन्हा टोपीपाशी आलो तेव्हा आजोबांनी तिला ओळख दिली, खुर्ची दिली, टोपीही दिली, पूर्ण किमतीला. ती टोपी घालून ती म्हणाली की या गावाला बाजार आहे पण बाजाराची अक्कल नाही. आपण गिरणीत कॅम्पसारखा पक्का बाजार बसवू. ओळीने गाळे, मधून वाट, कापड एका बाजूला, खाणं दुसऱ्या.

ठराव जन्मला तो असा. मंजूर झाला तो त्याहून विचित्र रीतीने.

तिच्या मैत्रिणीच्या आईने, कॅम्प एकमधल्या सिंधी आंटीने, निघताना तिला पापडांचा मोठा पुडा दिला होता. सुजाता तो जिवापलीकडे जपे. सोसायटीत खाऊ सभा संपल्यावरच वाटायचा असतो. आधी वाटला तर लोक खातात आणि नळाला पाणी आलं असेल म्हणून घरी पळतात. त्यामुळे ठराव मंजूर झाल्याशिवाय पापड नाही, असा दंडक होता. त्या संध्याकाळी बाजाराच्या ठरावावर चर्चा चालू असताना वेळ वाचावा म्हणून तिने वसतिगृहातल्या विजेच्या शेगडीवर आधीच पापड भाजायला घेतले. तिसऱ्या पापडाला छतावरचा भोंगा वाजला. क्षणात सगळ्या मजल्यांवरचे भोंगे वाजू लागले आणि तीन देशांच्या भाषांत सूचना देणारी बाई बोलू लागली. अख्खं वसतिगृह हिरवळीवर येऊन उभं राहिलं. मार्को टॉवेलवर होता. अग्निशमन दलाची लाल गाडी आली, शिरस्त्राणं घातलेले जवान आत धावले आणि थोड्या वेळाने एका चिमट्यात काळा पापड धरून बाहेर आले.

दुसरी कोणी असती तर लाजेने मान खाली घालून उभी राहिली असती. सुजाताने आम्हाला मोजलं आणि जाहीर केलं की सगळे हजर आहेत, कोरम पूर्ण आहे, सभा पुढे चालू. त्या हिरवळीवर, लाल दिव्याच्या उजेडात, बाजाराचा ठराव मांडला गेला. सूचक सुजाता जाधव, अनुमोदक टॉवेलवरचा मार्को. थॉमसने हात वर केला, मी केला. आन्ना ब्लँकेट गुंडाळून उभी होती. सुजाताने सगळ्यांकडे बघून विचारलं, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही. "सर्वानुमते मंजूर," ती म्हणाली आणि हातात धरून बाहेर आणलेले आधीचे दोन पापड मोडून वाटले. दोन जवानांनाही दिले.

आता या बाजारामागे तिचा जीव कुठे अडकला होता तेही सांगायला हवं. दौऱ्याच्या शेवटी योजना वाचणाऱ्यांमधून एकाला विद्यापीठ सहा महिन्यांसाठी परत बोलावणार होतं. तिथल्या प्राध्यापक बाईंना सुजाता आवडली होती, आणि ते त्या लपवत नव्हत्या. सुजाताने हे पप्पांना फोनवर सांगितलं. वडीलच ते. त्यांनी पुढच्याच जनरल बॉडीत, आयत्या वेळच्या विषयांत, मुलगी सहा महिने परदेशी जाणार असं सांगून टाकलं. बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या आणि अभिनंदनाचा ठरावही करून ठेवला. हे ऐकल्यावर सुजाताच्या तोंडचं पाणी पळालं. "काय करू रे बदलापूर," ती मला म्हणाली, "पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरचा विषय मिटिंगमध्ये घेतला. आता मी हात हलवत कशी जाऊ?" एरवी आमची टर उडवणारी ती त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही. मला तिची फार काळजी वाटली होती. पण योजना तिची, वाचणार ती, बाई खूश, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही असं मी तिला समजावलं, आणि मला तसं खरंच वाटत होतं.

सह्या करायच्या दिवशी चार सह्या झाल्या. आन्नाने पेन घेतलं, कागद पूर्ण वाचला आणि पेन खाली ठेवलं.

सुजाताला कळेचना. ठराव मंजूर होऊन आठवडा झाला होता. नकाशे झाले होते, गाळ्यांचे रंग ठरले होते, मार्कोने मधल्या वाटेला नावही दिलं होतं. जो बोलत नाही त्याला मान्य आहे, हे सोसायटीत लहान पोरालाही माहीत असतं. आमच्याकडे ज्याची हरकत असते तो खुर्ची आपटतो, आवाज चढवतो, बायको मागून त्याला आवरते. गप्प बसलेला माणूस म्हणजे होकार. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कुठेही जा, हेच. मीही तेच धरून चाललो होतो.

थॉमस आणि मार्को आन्नावर भडकले. सुजाताने त्यांना बाहेर काढलं, चहा केला आणि आन्नासमोर बसली. मी चहा गाळत होतो म्हणून तेवढा आत राहिलो.

सुजाताने विचारलं की हरकत होती तर त्या दिवशी बोलली का नाहीस. आन्ना म्हणाली, "मी गप्प होते. मला वाटलं, तुम्हाला दिसतंय की मी 'हो' म्हटलेलं नाही. आणि तुम्ही थांबाल."

तिच्या गावी माणसं थांबतात म्हणे. गप्प माणूस अजून विचार करतोय असं समजतात. एवढं बोलून ती पुन्हा गप्प झाली. सुजाता तोंड उघडणार होती, पण तिने ते मिटलं आणि चक्क थांबली. मी तिला इतका वेळ न बोलता बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चहा निवला. मग आन्ना बोलली. गिरणीच्या फाटकासमोर एक ठेंगणी भिंत आहे. तिच्यावर रोज दुपारी काही म्हातारी माणसं येऊन बसतात. ते गिरणीतले जुने कामगार आहेत. पाळी बदलायची वेळ झाली की येतात, तासभर बसतात, जातात. आपल्या नकाशात तिथे बाजाराच्या गाड्या लावायची जागा आहे. ही माणसं कुठे बसणार ते आपण कोणी त्यांना विचारलं नाही.

सुजाताचा चेहरा उतरला. त्या म्हाताऱ्यांना ती रोज हात करायची. त्यातल्या एकाला तिने टोपीसुद्धा दाखवली होती. ती कपाकडे बघत मराठीत, बहुधा माझ्याशी, म्हणाली, "सावंतकाका."

हे सावंतकाका पप्पांचे दोस्त. त्यांची एमआयडीसीतली कंपनी कधीच बंद झाली. पण अजून ते इस्त्रीचा शर्ट घालून, रिक्षा करून, त्या बंद फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. पाळी सुटायच्या वेळी. बिल्डिंगमधली पोरं त्यांना हसतात आणि पप्पा पोरांना दटावतात. हे सगळं तिने आन्नाला इंग्रजीत सांगितलं, अडखळत, सावंतकाकांच्या शर्टाच्या इस्त्रीसकट. आन्नाला टपरी म्हणजे काय ते नीट कळलं नसावं, पण ती ऐकत राहिली. शेवटी सुजाता म्हणाली, "माझा ठराव मी मागे घेते. तू तुझा मांड."

मग धांदल उडाली. नवी योजना अशी. फाटक आणि समोरचं अंगण गिरणीच्या जुन्या माणसांना, तिथे छप्पर, बाकं आणि चहाची सोय. आत जमेल तेवढाच लहानसा बाजार. म्हाताऱ्यांना जाऊन विचारलं गेलं. त्यांनी बाकांना पाठ हवी एवढीच मागणी केली. आन्नाने ठराव मांडला, सुजाताने अनुमोदन दिलं. या वेळी तिने हरकत विचारताना एकेकाच्या समोर जाऊन, त्याचं नाव घेऊन विचारलं. मार्कोला आपलं नाव तिच्या तोंडून ऐकून इतका धक्का बसला की तो लगेच हरकत नाही म्हणाला. आन्नाच्या गावाचं नाव तिने त्याच दुपारी आन्नाकडूनच तुकड्या-तुकड्याने पाठ करून घेतलं.

उरला प्रश्न वाचायचं कोणी. मार्को म्हणाला सेक्रेटरी वाचेल, यात विचारायचं काय. थॉमसही तेच म्हणाला. खुद्द आन्ना म्हणाली की तिला माणसांसमोर बोलायची भीती वाटते. मी सुजाताला बाजूला घेतलं आणि म्हटलं की वेडेपणा करू नकोस. नियम तुझ्या बिल्डिंगचा आहे, इथे कोणाला माहीत आहे?

"मला माहीत आहे ना," ती म्हणाली. "आणि मी वाचला तर ती सहा महिन्यांची जागा मला मिळेल रे. तिच्या ठरावावर. पप्पांना काय सांगू, टाकीच्या ठरावासारखं केलं म्हणून?"

मग तिने दोन अस्सल अंबरनाथी शिव्या हासडल्या, कोणाला ते तिलाच ठाऊक, आणि आन्नाची तालीम घ्यायला गेली. दिवसभर ती तिला त्या ठेंगण्या भिंतीसमोर उभं करून वाचायला लावत होती. म्हातारे श्रोते होते. आवाज आला नाही की ते हात कानाला लावत.

आन्नाने शेवटच्या दिवशी योजना वाचली. हळू वाचली, मध्ये मध्ये थांबली, पण सभागृहात मागच्या रांगेतले म्हातारे ताठ बसून ऐकत होते आणि ती थांबली की तेही थांबत. सुजाता तिच्या शेजारी कागद धरून उभी होती. सहा महिन्यांची जागा आन्नाला मिळाली. प्राध्यापक बाईंनी नाव घेतलं तेव्हा पहिली टाळी सुजाताने वाजवली, आणि मग तोंड धुऊन येते म्हणून जी गेली ती बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल होते.

त्याला आता काही वर्षं झाली. सुजाता नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते, आमचे फोन होतात, अजून मी 'बदलापूर'च आहे. पण ती म्हटलं की मला आठवतो तो परतीचा दिवस.

विमानतळावरून आम्ही दोघांनी मिळून टॅक्सी केली होती. वाटेत ती पप्पांना कसं सांगायचं ते घोकत होती. सांगितलं नव्हतंच तिने, फोनवर धीर झाला नव्हता. आधी जेवण झाल्यावर सांगू म्हणाली, मग रात्री, मग दुसऱ्या दिवशी ते पाळीवर जाताना. अंबरनाथ पश्चिमेला तिच्या बिल्डिंगपाशी टॅक्सी थांबली तर जाधवकाका फाटकातच उभे. मी बॅगा काढत होतो. ते काही विचारायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं.

"पप्पा, जागा मला नाही मिळाली. ठराव दुसऱ्या मुलीचा होता. म्हणून तिनेच वाचला."

मला वाटलं आता जाधवकाका बिल्डिंगचं, त्या अभिनंदनाच्या ठरावाचं काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "वाचला कसा तिने?"

"चांगला वाचला, पप्पा." आणि ती रस्त्यातच रडायला लागली.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग मोठी बॅग खांद्यावर घेतली आणि जिना चढू लागले. लिफ्ट नव्हती. मी खाली टॅक्सीपाशी उभा राहून ऐकत होतो. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, बाईमाणसाने काहीतरी विचारलं, आणि काकांचा आवाज आला, सभेत इतिवृत्त वाचावं तसा स्वच्छ. "नाही मिळालं. दुसऱ्या मुलीचा ठराव जास्त चांगला होता." दुसऱ्या मजल्यावर पुन्हा दार, पुन्हा तेच वाक्य, तितक्याच मोठ्याने.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचं ऐकू आलं तेव्हा काका बोलले नाहीत. मला वाटलं, दम लागला असेल. तेवढ्यात सुजाताचा आवाज आला, अजून ओला, पण चांगला खालपर्यंत ऐकू येईल असा.

"नाही मिळालं, काकू. अनुमोदन मीच दिलं होतं."